ध्वनिमुद्रिकांच्या पुष्पिका

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत ग्रामोफोनच्या तबकड्यांवर लेख पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. आमच्याही कपाळास ती पुष्कळ वर्षें होती. जुना कागद म्हणजे पुरावा, ताम्रपट म्हणजे पुरावा, नाणें म्हणजे पुरावा. आणि गाणें म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरची करमणूक, अशी आमची वांटणी ठरलेली होती. ती कोणत्या प्रसंगानें मोडली तें आधीं सांगतों व मग मूळ विषयाकडे वळतों.

कृष्णाकांठच्या एका गांवीं एका जुन्या वाड्यांत पोथ्या आहेत असें कळल्यावरून आम्ही तेथें गेलों होतों. पोथ्या होत्या, परंतु त्यांत अपूर्व असें कांहीं नव्हतें. गीतेच्या दोन प्रती, सत्यनारायणाची कथा, मुहूर्तमार्तंडाची एक खंडित प्रत आणि शेवटचीं पानें गहाळ झालेलें स्तोत्रांचें एक बाड. उठण्याच्या बेतांत असतां माळ्यावरून उतरविलेल्या पेटाऱ्यांत, पोथ्यांच्या बासनांखालीं, लाल फडक्यांत बांधलेलें आणखी एक जड गाठोडें दिसलें. वाड्याचे मालक ऐंशीच्या घरांतले. ते म्हणाले, “मास्तर, त्याला हात लावूं नका, उगीच हात काळे होतील. तें आमच्या आजोबांचें वेड. गाण्याच्या चकत्या आहेत.”

गाठोडें सोडलें. आंत एकूण छत्तीस तबकड्या निघाल्या, पैकीं सात फुटलेल्या. प्रत्येक तबकडी खाकी कागदाच्या पाकिटांत, आणि पाकिटावर शिसपेन्सिलीनें मोडी अक्षरांत बारीक नोंदी. आम्ही वाचूं लागलों तों त्या गाण्यांविषयींच्या नोंदी नव्हेत; देवघेवीच्या नोंदी होत्या! कोणती तबकडी कोणाच्या घरीं मंगळागौरीस गेली, कोणती मुंजीस गेली, परत कधीं आली, येतांना ओरखडा घेऊन आली काय, हें त्या गृहस्थानें पोथी उसनी देणाऱ्या शास्त्र्याच्या काटेकोरपणानें टिपून ठेविलें होतें. एका पाकिटावर केवळ “आली, पण ती नव्हे” इतकेंच लिहिलें आहे. म्हणजे कोणी तरी चांगली तबकडी ठेवून घेऊन झिजलेली परत केली असावी. पोथ्यांच्या बाबतींत हा अनुभव ज्यांस आला नाहीं असा संग्राहक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

मालकांच्या अनुमतीनें गाठोडें आम्हीं आणिलें, व ज्यांच्याजवळ हलक्या सुईचें विजेचें यंत्र आहे अशा एका स्नेह्यांकडे बसून एक-एक तबकडी ऐकिली. तिसऱ्या कीं चौथ्या तबकडीच्या शेवटीं एक चमत्कार झाला. पद संपलें, पेटीचा सूर अजून विरला नव्हता, आणि त्या अर्ध्या क्षणांत गाणाराने घाईघाईनें स्वतःचें नांव उच्चारिलें. मग खरखर, आणि सुई थांबली. आम्ही स्नेह्यांस म्हणालों, “पुनः लावा.” हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर लेखक आपलें नांव, गांव, शक, तिथि व प्रत कोणासाठीं केली हें सांगतो आणि चुकांची क्षमा मागतो, त्यास आपण पुष्पिका म्हणतों. येथें ती पुष्पिका कानांनीं ऐकूं येत होती. जन्मभर पुष्पिका वाचण्यांत घालविलेल्या मनुष्यास ही ओळख पटावयास वेळ लागला नाहीं. लाज मात्र वाटली कीं ती पटण्यास साठी उलटावी लागली.

ही चाल कशी पडली याचा इतिहास थोडक्यांत असा आहे. इ. स. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिलेखक फ्रेड गैस्बर्ग कलकत्त्यास आला, आणि ११ नोव्हेंबर १९०२ रोजीं त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणाच्या थाळीवर उतरून घेतलें. त्या वेळीं तबकड्या छापण्याचा कारखाना आपल्या देशांत नव्हता; त्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून येत. तेथील कारागिरांस आपली भाषा कळणार कशी? तेव्हां गाण्याच्या शेवटीं गाणाऱ्यानें आपलें नांव स्पष्ट उच्चारावें, म्हणजे लेबल लाविणाऱ्याचा घोटाळा होणार नाहीं, अशी योजना होती असें सांगतात. गौहरजान आपलें नांव इंग्रजींत सांगत असे, हें तर तिच्या तबकड्या ऐकणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, छापील लेबलावर विश्वास बसला, आणि नांव उच्चारण्याची चाल हळूहळू मागें पडली. पण तोंवर जीं नांवें मेणांत कोरलीं गेलीं तीं तशींच राहिलीं.

येथें संशोधकानें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मूळ प्रतीवरून नक्कल करणारा लेखक पुष्कळदां मूळ पुष्पिकाही जशीच्या तशी उतरून काढितो, आणि शके सोळाशेंचा कागद म्हणून आपण जो उराशीं धरितों तो शके अठराशेंचा निघतो. तबकडीचेंही तसेंच आहे. एकाच मूळ ठशावरून अनेक वर्षें तबकड्या निघत राहिल्या. लेबलाचा रंग बदलला, कारखाना बदलला, एकतोंडी तबकडीची दुतोंडी झाली. परंतु शेवटचा उच्चार तोच राहिला. म्हणून उच्चारावरून गायनाचा काळ ठरवावा व लेबलावरून छापण्याचा. या दोहोंची गल्लत करूं नये. आमच्या एका विद्वान् मित्रांनीं एका तबकडीचा काळ केवळ लेबलाच्या रंगावरून ठरवून वीस वर्षें पुढें ओढला होता. त्यांस हें सांगितल्यावर त्यांनीं तें मोकळ्या मनानें मान्य केलें, ही गोष्ट आमच्या क्षेत्रांत नित्याची नसल्यामुळें मुद्दाम नमूद करितों.

काळनिर्णयाचें तिसरें साधन म्हणजे लेबलाच्या सभोंवतीं, रेघा संपल्यानंतरच्या गुळगुळीत कड्यांत, कोरलेला ठशाचा अनुक्रमांक. लेबलावर छापलेला क्रमांक विक्रीच्या यादीचा असतो; कड्यांतला क्रमांक प्रत्यक्ष ध्वनिलेखनाचा असतो. पहिला व्यापाऱ्याचा, दुसरा लेखकाचा. कंपनीच्या वह्यांत हे अंक क्रमानें चालत असल्यामुळें, एका अंकाची तिथि कळली कीं त्याच्या आगच्यामागच्या अंकांची सुमारें कळते. आरंभींच्या काळांत अंकापुढें अक्षरही जोडीत, त्यावरून तबकडीचा आकार व ध्वनिलेखक कोण हें ओळखितां येतें. हें काम हौशी माणसाच्या हातून होण्यासारखें नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं मायकेल किनिअर यांचा ग्रंथ पाहावा. १८९९ ते १९०८ या काळांतील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिलेखनांची त्यांनीं सिद्ध केलेली यादी १९९४ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाली. ती कोशासारखी वापरण्याची वस्तु आहे. आपल्याकडील हस्तलिखितांच्या कित्येक सूची इतक्या काळजीनें झालेल्या नाहींत.

आतां पाठशुद्धीचा प्रश्न. तबकडी मिनिटास ७८ वेळां फिरावी असा प्रघात पुढें रूढ झाला; पण जुन्या तबकड्या सर्वच त्या वेगानें लिहिल्या गेल्या नाहींत. कांहीं त्याहून मंद, कांहीं त्याहून द्रुत. समजा, मूळ लेखन ७२ च्या वेगानें झालें आणि आपण ती तबकडी ७८ नें वाजविली. स्वर शेंकडा आठांहून अधिक चढतो. अर्धा स्वर चढण्यास शेंकडा सहा पुरेत. म्हणजे काळी एकचा गवय्या पांढरी दोनच्याही वर गेलेला ऐकूं येईल. सव्वातीन मिनिटांचें पद तीन मिनिटांतच आटोपेल, ताना होत्या त्याहून चपळ वाटतील, आणि बायकी भूमिका करणाऱ्या नटाचा आवाज होता त्याहून पातळ भासेल. मग आपण लिहितों कीं अमक्याचा आवाज किनरा होता! हा लेखकाचा दोष नव्हे, वाचकाचा आहे. चष्मा वांकडा असल्यावर ओळ वांकडी दिसते तसा. यावर उपाय म्हणजे साथीची पेटी. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असल्यामुळें, कोणत्या वेगानें वाजविल्यास तिचा सूर एखाद्या पट्टीवर नेमका बसतो हें पाहावें. उपाय पूर्ण विश्वासाचा नाहीं, कारण जुन्या पेट्याही सर्व एका सुराच्या नसत. तथापि एकाच बैठकीतल्या तीन-चार तबकड्या मिळाल्या तर ताळा पाहतां येतो. एकट्या पानावरून ग्रंथ ठरवूं नये, हा नियम येथेंही आहेच.

वेगाहून मोठा प्रश्न यंत्राच्या कानाचा. १९२५ पर्यंत विजेचें ध्वनिलेखन व्यवहारांत नव्हतें. गाणारा कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गाई, आणि त्या आवाजाच्या जोरानेंच सुई मेणांत रेघ ओढी. ज्याचा आवाज खणखणीत तो उतरे. मृदु ध्वनि वाटेंतच मरे. पेटी ऐकूं येते, तबला दुरून आल्यासारखा वाटतो, आणि तंबोरा बहुधा ऐकूंच येत नाहीं. एका नवशिक्या अभ्यासकानें यावरून असें अनुमान काढिलेलें आमच्या वाचनांत आलें कीं त्या काळीं नाट्यपदांस तंबोऱ्याची साथ नसेच. न दिसणें म्हणजे नसणें नव्हे, एवढें तरी तर्कशास्त्र गाण्याच्या अभ्यासकांनीं शिकावें.

याच कारणानें दोन थोर नटांची तुलना आम्हांस अन्यायाची वाटते. केशवराव भोसले १९२१ च्या आक्टोबरांत वारले. त्यांच्या जेवढ्या म्हणून तबकड्या आहेत तेवढ्या सर्व कर्ण्याच्या युगांतल्या. बालगंधर्व १९६७ पर्यंत होते; त्यांचा आवाज कर्ण्यानेंही टिपला आणि पुढें विजेच्या यंत्रानेंही. आज दोघांच्या तबकड्या शेजारीं ठेवून केशवरावांचा आवाज कोरडा आणि बालगंधर्वांचा भरदार असें म्हणणें म्हणजे एकाचें पत्र वाळवी लागलेल्या कागदावर व दुसऱ्याचें सुवाच्य छापांत वाचून हस्ताक्षरांची तुलना करणें होय. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस हे दोघे ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेला तो प्रयोग. त्या रात्रीं नाट्यगृहांत काय ऐकूं आलें हें सांगणारीं वर्णनें आहेत, आठवणी आहेत. तबकडी नाहीं, आणि कर्ण्याच्या यंत्रानें ती होणेंही शक्य नव्हतें. तीनच महिन्यांत केशवराव गेले.

ज्यांचा एक उच्चारही उरला नाहीं अशांची गणना केली तर मन खिन्न होतें. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं गेले. दुसऱ्याच वर्षीं गैस्बर्ग कलकत्त्यास उतरला. ज्या आवाजासाठीं किर्लोस्कर मंडळीच्या नाटकांस लोक गांवोगांवाहून येत, तो आता केवळ विशेषणांत शिल्लक आहे. आणि विशेषणें ऐकूं येत नाहींत. अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत होते, परंतु त्यांची एकही तबकडी बाजारांत आली नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांचीही तीच गोष्ट.

भास्करबुवांच्या बाबतींत मात्र पोथ्यांच्या अभ्यासानें एक दिलासा मिळतो. संस्कृतांत कितीएक ग्रंथ नष्ट झाले, परंतु त्यांचे उतारे टीकाकारांनीं आपल्या टीकांत दिल्यामुळें मूळ ग्रंथाचें अंग आपणांस चांचपतां येतें. १० डिसेंबर १९१६ रोजीं गंधर्व नाटक मंडळीनें ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें, त्यांतील पदांच्या चाली भास्करबुवांच्या. आणि त्यांतील पदें रुक्मिणीची भूमिका करणाऱ्या त्यांच्या शिष्यानें, म्हणजे बालगंधर्वांनीं, तबकड्यांत गाऊन ठेविलीं. मास्तर कृष्णराव हेही त्यांचेच शिष्य, आणि त्यांच्याही तबकड्या आहेत. गुरूचा ग्रंथ गेला. दोन शिष्यांच्या टीका उरल्या. दोहोंत जें समान असेल तें गुरूचें असण्याचा संभव अधिक, आणि जें भिन्न असेल तें ज्याचें त्यानें घातलेलें, ही पाठचिकित्सेची पहिली पायरी येथें जशीच्या तशी लागू पडते. हें काम कोणा संगीतज्ञानें अजून हातीं घ्यावयास पाहिजे. आम्हांस स्वर ओळखितां येतात, पण सिद्ध करितां येत नाहींत. म्हणून आम्ही दाराशींच थांबतों.

दोन शाखांचें आणखी एक उदाहरण आमच्या गाठोड्यांतच निघालें. ‘मानापमान’ हें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें नाटक १२ मार्च १९११ रोजीं प्रथम झालें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यांतील ‘चंद्रिका ही जणूं’ हें पद अब्दुल करीम खांसाहेबांनीं तबकडींत गाइलें आहे. नाटकमंडळ्यांच्या परंपरेंतलें नाट्यपद आणि किराण्याच्या खांसाहेबांनीं गाइलेलें नाट्यपद या एकाच ग्रंथाच्या दोन शाखा होत. खांसाहेबांच्या तोंडीं शब्द मागें सरतात आणि सूर पुढें येतात. मराठी अक्षरें कांहीं ठिकाणीं इतकीं वितळतात कीं पद पाठ नसणाऱ्यास अर्थ लागूं नये. कोणी यास पाठभ्रंश म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. काश्मीरी पाठ व दाक्षिणात्य पाठ यांपैकीं एक भ्रष्ट व एक शुद्ध असें ठरविण्याची घाई ज्यानें केली त्यास पुढें पश्चात्ताप झालेला आहे.

तबकडीच्या लहान आकाराविषयीं एक वाक्य लिहून हा भाग संपवितों. दहा इंची तबकडींत एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच गाणें मावे. म्हणून जें बैठकींत तासभर चाले त्याचा येथें संक्षेप आहे, आणि संक्षेपावरून महाकाव्याच्या विस्ताराची निंदा किंवा स्तुति करूं नये.

ज्या गोष्टीचें आम्हांस सर्वांत अधिक अप्रूप वाटलें ती वेगळीच आहे. आमच्या दप्तरांत, बखरींत, जमाखर्चांत गाणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो तो देणगीच्या आंकड्यापुरता. नांव आलें तर अर्धें, बहुधा तेंही नाहीं. कारकुनास नांवाची गरज नव्हती; आंकड्याची होती. तबकडीनें प्रथम या स्त्रियांस नांव दिलें, आणि पुष्कळदां त्यांच्याच तोंडून दिलें. पुण्याच्या सुंदराबाई घ्या. १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटांत त्या नायकाच्या आईच्या भूमिकेंत दिसल्या. परंतु घरोघरीं त्या पोहोंचल्या होत्या तबकड्यांनीं. आमच्या गाठोड्यांत त्यांच्या दोन तबकड्या आहेत, आणि देवघेवीच्या नोंदी सर्वांत अधिक याच दोन पाकिटांवर आहेत. ज्या घरांत गाणाऱ्या बाईस उंबरठ्याच्या आंत घेतलें नसतें, त्या घरांतून मंगळागौरीस तिच्या आवाजाचें बोलावणें येई, ही समाजाच्या इतिहासाची गोष्ट कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं. ती खाकी पाकिटावर मोडींत आहे.

गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची कथा तर सर्वश्रुत आहे, तरी तिची एक बाजू संग्राहकांसाठीं सांगण्याजोगी आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडिलीं. त्यांबरोबर पृथ्वीवरच्या ध्वनींची जी सोनेरी तबकडी धाडिली तींत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती निवडली गेली खरी, पण ध्वनिमुद्रिका मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, मेजाखालच्या एका खोक्यांत, तिच्या तीन प्रती निघाल्या असें त्या कामांतील मंडळींनीं लिहून ठेविलें आहे. दुसरें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं सुटलें. केसरबाई १६ सप्टेंबरास वारल्या. तें खोकें त्या आधीं कोणी कचऱ्यांत टाकिलें असतें तर?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांस विचारीत नाहीं. तो आमचा आम्हांसच विचारावा लागतो. नोकरींत असतां एका वर्षीं आमच्या शाळेच्या जडवस्तुसंग्रहाची तपासणी आमच्याकडे होती. नोंदवहींत एक ओळ होती, ‘ग्रामोफोन यंत्र एक, तबकड्या अठ्ठावन्न’. यंत्राचा कर्णा नाहींसा झाला होता. तबकड्या प्रयोगशाळेमागच्या खोलींत होत्या. पावसाचें पाणी येऊन पाकिटें कुजलेलीं, लेबलें सुटलेलीं. आम्हीं त्यांतली एकही ऐकिली नाहीं. कड्यांतले अंक असतात हेंही ठाऊक नव्हतें. ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून आम्हीं निर्लेखनाच्या कागदावर सही केली, आणि भंगारवाला त्या वजनावर घेऊन गेला. त्याच वर्षीं उंदरांनीं कुरतडलेल्या एका अमरकोशाच्या प्रतीसाठीं आम्हीं कार्यालयाशीं दोन महिने पत्रव्यवहार करून ती वांचविली होती, व त्याचा आम्हांस अभिमान वाटत असे. अमरकोशाच्या प्रती हिंदुस्थानांत मोजतां येणार नाहींत इतक्या आहेत. त्या अठ्ठावन्नांत काय होतें हें मात्र आता कोणीच सांगूं शकणार नाहीं, कारण यादी करणें ज्याच्याकडे होतें त्यानें ती केली नाहीं.

तबकड्या हातीं आल्यास काय करूं नये, तें येथें सांगणें अस्थानीं होणार नाहीं. त्या लाखेच्या आहेत. लाख स्पिरिटांत विरघळते. म्हणून डाग काढण्यासाठीं स्पिरिटाचा बोळा फिरविणाऱ्यानें डागाबरोबर गाणेंही पुसलें म्हणून समजावें. एकावर एक रचून ठेविल्यास खालच्या वांकतात व तडकतात. पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या. चावीच्या यंत्राच्या पोलादी सुईनें वाजविण्याचा मोह आवरावा. ती सुई प्रत्येक बाजूस नवी घालावयाची असे, आणि आपले पूर्वज काटकसरी असल्यामुळें एकच सुई महिनाभर चालवीत; आमच्या गाठोड्यांतील उत्तमोत्तम तबकड्यांवर जी खरखर आहे ती या काटकसरीची आहे. लोकप्रिय पद सर्वांत झिजलेलें आणि कंटाळवाणें पद कोरें करकरीत, हा प्रकार पाहून पोथ्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथेंही नित्यपाठाचें पान फाटलेलें असतें आणि प्रस्तावनेचें शाबूत.

संग्राहकांविषयीं लिहितांना हात थोडा आवरावा लागतो, कारण आम्हीही त्याच पंगतीचे. हस्तलिखित दाखवूं पण उतरून घेऊं देणार नाहीं, असें म्हणणारे सज्जन आम्हीं पाहिले आहेत. तबकडीवाल्यांतही ते आहेत. एकानें आम्हांस दुर्मिळ तबकडीचें लेबल दाखविलें, आणि वाजविण्याची विनंति करतांच चहा मागविला. पण दुसरा पक्षही आहे. १९९० सालीं मुंबईस भारतीय ध्वनिमुद्रिकासंग्राहकांची संस्था स्थापन झाली. एकत्र बसून ऐकणें, याद्या करणें व त्या छापणें हें काम तिनें हौशी लोकांच्या बळावर केलें. कायद्याची अडचणही जुन्या तबकड्यांस फारशी उरलेली नाहीं. १९५७ च्या कायद्याप्रमाणें ध्वनिलेखनावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें चालतो, आणि ज्या काळाविषयीं आपण बोलत आहों तो त्या मुदतीच्या कितीतरी मागें पडला आहे.

उलट आजची अडचण विपुलतेची आहे. महाजालावर जुनीं पदें आता हजारांनीं ऐकावयास मिळतात, आणि त्याबद्दल देणाऱ्यांचे आभारच मानिले पाहिजेत. आम्हींही रात्र-रात्र तीं ऐकिलीं आहेत. परंतु नक्कल करणाऱ्यानें कड्यांतला अंक दिलेला नसतो, लेबल कापलेलें असतें, वेग कोणता ठेविला हें सांगितलेलें नसतें. आणि खरखर काढण्याच्या भरांत शेवटची दोन-तीन पळें छाटून टाकिलेलीं असतात. म्हणजे नेमकी पुष्पिकाच गेली! त्या उच्चारास गाण्याचा भाग न समजल्यामुळें हें होतें. पोथीची नक्कल करितांना शेवटची ओळ ‘ग्रंथाबाहेरची’ म्हणून गाळणारा लेखक आपण क्षमा केला नसता.

गाठोड्यांतील एकोणतीस अखंड तबकड्यांची यादी, अंक, उच्चार, मापें व पाकिटांवरील मोडी नोंदींसह, आम्हीं तयार केली असून ती मालकांच्या संमतीनें या संस्थेच्या संग्रहीं ठेविली आहे. तबकड्या मालकांस परत दिल्या. त्यांनीं त्या आता पेटाऱ्यांत न ठेवितां फडताळांत उभ्या ठेविल्या आहेत, आणि नातवानें विकत आणिलेल्या यंत्रावर आजोबांच्या दोन सुंदराबाई आठवड्यांतून एकदां वाजतात असें त्यांनीं कळविलें आहे. यापुढें कोणास उसन्या देणार नाहीं, असेंही त्याच पत्रांत आहे.

फुटलेल्या सातांपैकीं एकीविषयीं मात्र वाचकांचें साहाय्य हवें आहे. तबकडी दहा इंची, एकतोंडी. लेबल पूर्ण सुटलेलें. तुकडा बाहेरच्या कडेचा गेलेला, त्यामुळें पदाचा आरंभ नाहीं. आवाज स्त्रीचा, भाषा मराठी, पद भक्तिपर, राग आमच्या समजुतीप्रमाणें भैरवी. साथीस पेटी आणि दुरून तबला. कड्यांतील अंकाचे शेवटचे दोन आंकडे ४ व ७ असे वाचतां येतात, त्यांमागचे खरवडले गेले आहेत. शेवटीं गाणारीनें नांव उच्चारिलें आहे, पण नेमक्या त्याच ठिकाणीं तडा असल्यामुळें पहिलें अक्षर ‘म’ कीं ‘न’ हें ठरत नाहीं. पुढें ‘बाई’ स्पष्ट, त्यापुढें गांवाचें नांव, त्याचा शेवट ‘-करीण’ असा. पाकिटावर आजोबांनीं गाणारीचें नांव लिहिलेलें नाहीं, केवळ “ही कोणास देऊं नये” एवढेंच आहे. ज्यांच्याजवळ हिची दुसरी प्रत असेल, मग ती कितीही झिजलेली असो, त्यांनीं कड्यांतला अंक व शेवटचा उच्चार या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावा.